वेचलेले गोटे

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक रागावतील असं नव्हे, पण माझ्या मूर्खपणाला त्यांच्या गावाचा पत्ता कशाला चिकटवायचा? वर्धा जिल्ह्यात, आर्वीपासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर ते आहे, एवढं पुरे.

मी माणदेशातला. मृदसंधारण खात्यात तीस वर्षं काढली, कोरडवाहू रानांत ताली बांधल्या, बांध घातले आणि निवृत्त झालो. नोकरी सुटते, सल्ला द्यायची खोड काही सुटत नाही. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याची मुलगी, नलू, सेवाग्रामजवळच्या एका संस्थेत काम करत होती. तिचं पत्र आलं. एका गावच्या बरडीवरचा, म्हणजे चराईच्या खडकाळ माळावरचा, मुरूम लांबच्या एका रस्त्याच्या कामासाठी खोदून नेला होता. खदान बंद झाली, मागं दगडधोंड्यांनी भरलेला उघडा तळ राहिला. गावाला तिथं पुन्हा गवत आणायचं होतं. काय करावं, असं तिनं विचारलं होतं.

मी उलट टपाली चार फुलस्केप पानं लिहून धाडली. जागा पाहिली नाही, मुरूम हातात घेतला नाही. दगड वेचा, रान स्वच्छ करा, वखरून मऊ करा, मग गवताचं बी फेका, असं ठासून लिहिलं आणि तीन पावसाळे गुरं आत सोडू नका असंही वर बजावलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. तीन पावसाळे उलटले तेव्हा नलूचं कार्ड आलं, “काका, एकदा येऊन बघून जा.” मला वाटलं, गवत दाखवायला बोलावते आहे. मी दिवाळी उरकली आणि निघालो.

पुलगाव, आर्वी

ते एशियाडचे दिवस होते. पुलगावला उतरलो तर प्रत्येक पानठेल्यावर रेडिओ आणि त्याभोवती घोळका. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आलुबोंडा मागितला, तर त्यानं बशीत बोंडा ठेवून त्यावर लालभडक तर्री ओतली. आमच्याकडं वडा कोरडा खातात. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलवाला म्हणाला, “अजून टाकू का, काकाजी?” मी मान हलवली ती ‘नको’ म्हणून, त्यानं ‘हो’ धरली. पुढं छोट्या गाडीनं आर्वीला पोचेपर्यंत मी पाणीच पीत होतो.

आर्वीत कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. नलू बैलगाडी घेऊन आली होती. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली ही पोरगी आता तिशीला आली होती, उन्हानं रापली होती आणि फार बोलत नव्हती. गवताचं विचारलं की म्हणायची, “उद्या बघालच.” गाडी गावाजवळ आली तेव्हा तिनं एकच गोष्ट नीट सांगितली. परवा गावसभा होती. गावानं बरडी तीन पावसाळे बंद ठेवायचा शब्द दिला होता, तो संपला होता. कंत्राटदार पुन्हा मुरूम मागत होता आणि बदल्यात गावापर्यंत पक्का रस्ता करून देतो म्हणत होता. पावसाळ्यात अडलेली बाळंतीण आर्वीला न्यायची तर इथं गाडीला दोन बैलजोड्या लागत. त्यामुळं रस्ता कुणाला नको होता? सभेनं गवत आलं नाही असं धरलं, की बरडी जाणार होती.

“आणि बरडी गेली तर कुणाचं अडणार?” मी विचारलं.

“मैनाबाईचं,” ती म्हणाली. “गावात गवळ्याचं एकच घर उरलंय. सात गाई आहेत, सगळ्या इथल्या गवळाऊ जातीच्या. तीन वर्षं ती त्यांना रोज चार कोस लांब टेकड्यांकडं चारायला नेते. बरडी उघडेल या आशेवर. आता नाहीच उघडली तर सगळ्या विकेन म्हणते.”

बरडी

सकाळी आम्ही बरडीवर गेलो. लांबून खालच्या कोपऱ्यात हिरवं-पिवळं काहीतरी दाट दिसलं आणि माझी छाती फुगली. जवळ गेलो तर तो तरोटा, म्हणजे आमच्याकडचा टाकळा. शेंगा वाळून खुळखुळत होत्या. तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत, हे सांगायला मृदसंधारण खात्यातली तीस वर्षं लागत नाहीत. बाकीचा सगळा माळ अंगणासारखा साफ होता. एक दगड नाही आणि एक काडी नाही. वर मुरमाची पापडी धरली होती, काठीनं टोचली तर तुकडा निघायचा. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं इथं पाऊस पडून निघून गेला असणार.

मी काठीनं आणखी दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं. मग वरच्या कडेला नजर गेली. तिथं वेचलेल्या दगडांची लांबच लांब रास घातली होती, कमरेएवढी उंच, आणि त्या राशीतून गवत वर आलं होतं. दाट, सोनेरी, वाऱ्यावर हलणारं. जवळ जाऊन पाहिलं तर पवन्या होता, गुरं आवडीनं खातात ते गवत, कडेकडेनं कुसळीही. मी तसाच आत शिरलो आणि कुसळं धोतरातून पोटरीला टोचायला लागली.

राशीपलीकडं एक म्हातारी गाई घेऊन उभी होती. गाई पांढऱ्या, उंच, लांबट तोंडाच्या. तिनं त्यांना राशीपासून काठीच्या अंतरावर थोपवून धरलं होतं. नलूनं हळूच सांगितलं, “मैनाबाई.” माझी ओळख मात्र तिनं करून दिली नाही.

“हे कुणी पेरलं, बाई?” मी विचारलं.

“कोनी नाई. वाऱ्यानं आनलं, गोट्यानं धरलं.” तिनं वाकून राशीच्या बुडातला एक दगड उलटा केला. “हात लावून पाहा.”

पाऊस जाऊन दीड महिना झाला होता. दगडाखालची माती ओली होती. गवताच्या मुळ्या दगडाला धरून बसल्या होत्या.

“बरडीचं वावर केलं, तिथलं बी त्या कोपऱ्यात वाहून गेलं,” ती म्हणाली. “नलूबाईनं कमी टाकलं होतं का? पन बी थांबाले काही पाह्यजे ना. गोटा असला की बी अडकते, खाली गारवा राह्यते. कवळं असते तवा ढोराचं तोंडही पोचत नाई.”

“आधी कशी होती बरडी?”

“गोटेच गोटे. अनवानी पाय ठेवाले जागा नव्हती. त्यातूनच पवन्या यायचा, माह्या कमरेएवढा.”

आमच्या माणदेशात दगड म्हणजे वैरी. पोर चालायला लागलं की त्याला शेतात दगड वेचायला लावतात. ज्याच्या रानात दगड त्याला आळशी म्हणतात, सोयरीक करतानासुद्धा रान बघतात. पण ते ज्वारीचं रान. हा माळ होता, आणि मी त्याला शेत समजून पत्र लिहिलं होतं. तीस वर्षं शेतंच बघितली, तेव्हा डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

“मग पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच. चूक स्वतःची असली की माझा आवाज चढतो, ही सवय माझ्या बायकोला ठाऊक आहे.

“कोनाले सांगू? साहेबाचं पत्र सभेत वाचलं होतं. सरपंचानं दोनदा वाचलं. म्या म्हटलं, शिकलेल्या मानसाचं काही असन, आपल्याले न समजनारं. तो साहेब काही येडा नसन.”

नलू दुसरीकडं बघत होती.

“तो साहेब मीच,” मी म्हणालो.

मैनाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पदर सारखा केला. मग म्हणाली, “उन्हात काऊन उभे राह्यले मंग? घरी चाला, ताक देतो.”

तिच्या गोठ्यात बसून मी दोन पेले ताक प्यालो. गोठा सारवलेला, स्वच्छ, सात दावी ओळीनं. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही, आणि ताकात मीठ नीट होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरपंचांच्या घरी

जेवण सरपंचांकडं होतं. पातोड्यांचा रस्सा, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. आमच्याकडं पाटवड्या सुक्या करून ताटात कोपऱ्याला वाढतात, इथं त्या रश्श्यात पोहतात आणि रस्सा भाकरी बुडेल इतका. त्यात सांबार भरपूर घातला आहे असं सरपंचांनी सांगितलं. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, हे कळायला मला पहिली वाटी संपवावी लागली. सरपंच शांत, मवाळ बोलणारा माणूस. त्यांची सून दोन वर्षांपूर्वी चिखलात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली होती आणि मूल वाचलं नव्हतं. रस्त्याचं ते बोलत होते तेव्हा आवाज चढवत नव्हते.

“साहेब, तुमचं पत्र बराबर होतं,” ते मला वाढता वाढता म्हणाले. “आमी तसंच केलं. बायायनं एक अख्खा उन्हाळा गोटे वेचले. बीच सडकं निंगालं. पोरगी नवीन हाय, तिचाही काही दोष नाई म्हना.”

त्यांनी ते मनापासून म्हटलं. मला सुटायला दार उघडून दिलं आणि वर आणखी एक पातोडी वाढली. मी काय केलं? पातोडी खाल्ली. लिहिताना अजूनही त्या घासाची लाज वाटते.

नलू दारात उभी होती, तिनं ऐकलं. उतरायच्या जागी जाताना ती म्हणाली, “बी मी स्वतः तोडलं होतं, काका. ओल्या फडक्यात बांधून उगवून पाहिलं होतं. निम्म्याहून जास्त उगवलं होतं.”

“मग मला स्पष्ट लिहायचं होतंस.”

“काय लिहू? तुमचं चुकलं असं? बाबा गेले तेव्हापासून अडलं की मी तुम्हालाच विचारत आले.” ती चालत राहिली. “आणि मलाही वाटायचं, माझंच कुठंतरी चुकलं असेल. पुढच्या वर्षी येईल, पुढच्या वर्षी येईल असं करत तीन वर्षं गेली.”

मी तिच्या मागून चालत राहिलो. माझ्या मनात मात्र हिशेबी माणसाची वकिली सुरू झाली. मी दोन दिवसांनी जाणार. रस्ता होणं वाईट नाही. पोरगी संस्थेतली आहे, दुसऱ्या गावी काम करेल. माझ्या नावाला कशाला बट्टा? असे सगळे मुद्दे मी मांडले, एकटाच, आणि प्रत्येक मुद्द्यापाशी मैनाबाईची सात दावी आडवी येत होती.

सभा

सभा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर भरली. पुरुष वर, बायका खाली अंगणात. कंत्राटदाराचा माणूस जीपमध्येच बसून होता. सरपंचांनी मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला आणि म्हणाले, “साहेबांनी सांगतलं तसं आपन केलं, पन देवाच्या मनात नव्हतं. आता साहेब दोन शब्द बोलतीन.”

मी उठलो. तीस वर्षांत सभा पुष्कळ केल्या, पण त्या दिवशी आधी टॉवेल-टोपी आणि नारळ खाली ठेवला. म्हणालो, “देवाच्या मनाचं मला माहीत नाही. बी चांगलं होतं. नलूनं ते उगवून पाहिलं होतं. चूक माझ्या पत्रात होती. दगड वेचायला नको होते. मी जागा न बघता लिहिलं. तुम्ही माझं ऐकलंत म्हणून गवत आलं नाही. ते जिथं आलंय, ते तुम्ही दगड टाकलेत तिथंच आलंय. जाऊन बघा.”

जीपमधला रेडिओ तेवढा ऐकू येत होता. मग खालून एक बाई उठली. काळीसावळी, कष्टाळू हातांची, पन्नाशीची. बौद्ध वस्तीतली यशोदाबाई, दगड वेचणाऱ्या बायांची तीच म्होरकी होती, हे नलूनं मला आधी सांगितलं होतं.

“म्हंजे आमी उन्हाळाभर गोटे वेचले, ते फुकट?” तिनं विचारलं.

“फुकट नाही,” मी म्हणालो. “त्याहून वाईट. त्यानं नुकसान झालं.”

“माह्या हाताचे कातडे गेले होते, साहेब. माही बहीन वैशाखात भोवळ येऊन पडली होती तिथं.”

“मला माफ करा.”

“माफ करून गवत येईन का?” ती म्हणाली. मग सरपंचांकडं वळली. “गोटे तिथंच पडून हायेत. नेले आमी, परत टाकू बी आमीच. एक पावसाळा द्या. पन पयला गोटा या साहेबानं उचलावा.”

ओसरीवर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, पुन्हा एक वर्ष? कुणी रस्त्याचं काढलं. सरपंचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यांच्या सुनेचं मूल माझ्याही डोळ्यांपुढं होतं, मी त्यांना काय सांगणार? शेवटी त्यांनी निवाडा दिला. बरडीचा खालचा अर्धा भाग कंत्राटदाराला, म्हणजे रस्ता होईल. वरचा अर्धा एक पावसाळा आणखी बंद. त्या अर्ध्यात एक जरी ढोर दिसलं, तर तोही गेला.

“आनि ढोरं कोनाची जाते तिकडे?” एकजण म्हणाला. सगळ्यांच्या माना मैनाबाईकडं वळल्या.

ती मागं भिंतीला टेकून बसली होती. “सात गायी एक साल अजून टेकडीवर नाई निभनार,” ती म्हणाली. “दोघी गाभन हायेत, एक थकली. चार ठेवीन. तीन भावाकडे धाडीन, कारंज्याच्या बाजूले. गवत आलं तर आनीन वापस.”

“आनि नाई आलं तर?”

“तर चारही जातीन,” ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

गोटे परत

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दगड मी उचलला. दुसराही. अकरा वाजेपर्यंत माझी कंबर गेली आणि यशोदाबाईनं मला सावलीत बसवून पाणी दिलं. दगड कसे टाकायचे, हे मैनाबाई सांगत होती. ओळीनं नाही, ढीग नाही. एकापासून दुसरा हातभर, उताराला आडवे, मोठा खाली आणि बारके त्याच्या पोटाशी. माझ्या हातून एकदा सवयीनं सरळ ओळ लागली. तिनं येऊन ती पायानं मोडली आणि म्हणाली, “हे वावर नाई, भाऊ.” मग राशीवरच्या पवन्याचं पिकलं बी बायकांनी ओटीत तोडून घेतलं आणि दगडांच्या पोटाशी मुठीमुठीनं टाकलं. मी विचारलं, आताच का, पावसाळ्याच्या तोंडाशी का नाही? मैनाबाई म्हणाली, “गवताचं बी आधी पडूनच राह्यते ना. त्याले उन्ह खाऊ द्या.” खात्यात असतो तर मी वाद घातला असता.

दुपारी सगळ्यांनी मिळून बरडीवरच भाकर खाल्ली, ठेचा आणि कांदा. यशोदाबाईच्या शेजारी मैनाबाई, मैनाबाईशेजारी सरपंचांची सून. माझ्या गावी असं जेवण दिसलं नसतं, निदान तेव्हा नसतं दिसलं. मी ते नलूला म्हटलं तर ती म्हणाली, “इथंही उन्हाळाभर दगड वेचले तेव्हापासूनच दिसायला लागलं.”

पुढच्या भादव्यात तिचं पत्र आलं. वरच्या अर्ध्यात गवत आलं होतं. सगळीकडं नाही, कुठं गुडघाभर, कुठं वीतभर, काही जागा अजून बोडक्याच. सरपंच स्वतः फिरून आले आणि तो भाग गाईंसाठी राहील असं त्यांनी सभेत सांगितलं. खाली कंत्राटदाराची खदान सुरू होती. भावाकडं धाडलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या, थकलेली तिकडंच गेली. पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा डोळ्यांपुढं आली ती निघायच्या दिवसाची सकाळ.

त्या सकाळी मैनाबाईचा भाऊ तीन गाई न्यायला आला होता. गावच्या बायका गोठ्याशी जमल्या होत्या. मैनाबाईनं गाईंना हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा दिला आणि दावी सोडली. दोघी चालू लागल्या, तिसरी, थकलेली, पुन्हा पुन्हा गोठ्याकडं तोंड करत होती. माझी गाडी जुंपलेली होती. मी मैनाबाईपाशी गेलो आणि म्हणालो, “बाई, मला माफ करा.” सभेत म्हटलं होतं ते गावाला, हे तिला म्हणायचं राहिलं होतं.

ती रडत नव्हती. त्या गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मले काय माफी मांगता, भाऊ? मी तर पत्र ऐकलं होतं, मले समजून होतं काऊन चालतो ते. हिले कोनी सांगतलं? तीन वर्सं रोज चार कोस चालली. मांगाची असन तर हिले मांगा.”

मी चपला काढल्या आणि त्या गाईपुढं हात जोडून उभा राहिलो. अंगणात वीस-पंचवीस बायका होत्या. हसलं कुणी नाही.